कायद्याची मुदत आणि मुलांचें मौन

कायद्याविषयीं बोलतांना सामान्य माणूस दोन गोष्टी विचारतो : अपराध कोणता, आणि त्याला शिक्षा किती. तिसरी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि पुष्कळ वेळां निकाल तिच्यावरच लागतो. ती म्हणजे मुदत. दाद मागणारानें किती काळाच्या आंत न्यायाच्या दारीं आलें पाहिजे, आणि तो काळ कोणत्या दिवसापासून मोजावयाचा, या दोन ओळींत अनेकांचें दैव बांधलेलें असतें. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या फिर्यादीस अशी मुदत असावी कीं नसावी, असल्यास ती कोठून मोजावी, याचा विचार गेल्या कांहीं वर्षांत अनेक देशांनीं केला आहे. आपल्या देशांतहि कायदा बदलला आहे. हा विषय घरांत मोठ्यानें बोलण्याचा नव्हे, अशी आपली समजूत आहे. त्या समजुतीचा आणि मुदतीचा संबंध किती निकट आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

त्याकरितां आम्ही वाचकांस प्रथम पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत घेऊन जाणार आहों. तेथील कथा कर्जाची आहे, अत्याचाराची नव्हे. परंतु मुदतीचा कायदा कागदावर न्यायाचा दिसत असूनहि प्रत्यक्षांत दुबळ्यावर कसा उलटतो, हें राज्यकर्त्यांस ज्या मुलखानें ठळकपणें दाखवून दिलें तो हाच मुलूख होय.

महसुलाच्या इतिहासांत इंदापूरचें नांव मोठें आहे. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगलसाहेबांनीं केलेली पाहणी फसली. मग गोल्डस्मिड व विंगेट या दोन अंमलदारांनीं इ. स. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत नवी मोजणी केली, धारा ठरविला, आणि तो तीस वर्षांकरितां कायम केला. मुंबई इलाख्यांतील रयतवारी पद्धतीला पुढें जें रूप आलें त्याचा हा नमुना. तीस वर्षांची मुदत संपतांच फेरआकारणी होऊन धारा वाढला. मध्यंतरीं, १८६१ पासून १८६५ पर्यंत, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें इकडील कापसाला चढा भाव मिळाला होता. युद्ध संपलें, भाव उतरला, वाढलेला धारा मात्र तसाच राहिला. अशा वेळीं रयतेला सावकाराच्या ओट्यावांचून दुसरी जागा नव्हती.

त्या ओट्यावर काय घडत असे, हें समजण्यास १८५९ चा मुदतीचा कायदा पाहिला पाहिजे. साध्या कर्जरोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आंत आणला पाहिजे, असें या कायद्यानें ठरविलें. हेतु वाईट नव्हता. जुनीं खतें वर्षानुवर्षें पेटींत ठेवून, साक्षीदार मेल्यावर तीं बाहेर काढावयाचीं, आणि तोंपर्यंत व्याजाचा डोंगर रचावयाचा, या चालीस आळा बसावा व कुळाचें रक्षण व्हावें, हाच उद्देश होता. पण झालें उलट. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळाला बोलावून सांगे, "खत बदलून दे, नाहीं तर उद्यां फिर्याद लावतों." जुनें खत रद्द होई, नवें लिहिलें जाई, आणि नव्या खतांत मागील मुद्दल व त्यावरील थकलेलें व्याज मिळून नवें मुद्दल होई.

हिशेब करून पाहूं. शंभर रुपये कर्ज, दरमहा दरशेंकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनीं देणें १७२ रुपये. नवें खत १७२ चें झालें. आणखी तीन वर्षांनीं देणें २९६ रुपयांच्या जवळ जातें. तिसरें खत झालें. नवव्या वर्षाअखेर आंकडा ५०८ च्या पुढें जातो. खत न बदलतां सरळ व्याज धरलें असतें, तर नऊ वर्षांनीं देणें ३१६ झालें असतें. आणि आपल्या जुन्या धर्मशास्त्रांतील दामदुपटीचा नियम पाळला असता, तर एका वेळीं २०० च्या वर एक पैहि मागतां आली नसती. कुळाच्या रक्षणार्थ घातलेली तीन वर्षांची मुदत अशा रीतीनें सावकाराच्या हातांतील कोरडा झाली. याचें कारण उघड आहे. मुदत दोघांना एकच होती. पण ती केव्हां भरते हें एकालाच ठाऊक होतें. वही त्याच्याकडे, अक्षर त्याच्याकडे, वकिलाची वाट त्याच्या पायाखालची. दुसऱ्याकडे अंगठा होता.

इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील व हल्लींच्या बारामती तालुक्यांतील सुपें गांवीं बाजाराच्या दिवशीं रयत उठली. दंग्याचें लोण लौकरच भीमथडींतील इतर गांवीं, इंदापुरांत, पुरंदरांत, शिरुरांत आणि पलीकडे नगर जिल्ह्यांत पसरलें. तीसहून अधिक गांवें त्यांत सांपडलीं. दुकानें लुटलीं गेलीं, कोठें घरेंहि जळालीं. पण लोकांचा मुख्य रोख होता तो खतांवर आणि वह्यांवर. जेथें सावकारांनीं कागद निमूटपणें काढून दिले तेथें बहुधा मारझोड झाली नाहीं. लिहितां न येणाऱ्या माणसानें लिहिलेला कागद जाळावा, यांत दांडगाई होती खरी. परंतु कायद्यानें त्याच्यासाठीं दुसरें कोणतें दार उघडें ठेविलें होतें, हाहि प्रश्न विचारला पाहिजे.

सरकारनें तो विचारला. चौकशीकरितां कमिशन नेमलें गेलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस तो लागूं होता. त्यानें तीन गोष्टी केल्या. पहिली, शेतकऱ्यावरील पैशाच्या दाव्याची मुदत लांबविली : नोंदलेल्या खतास बारा वर्षें, इतर देण्यास सहा, म्हणजे दर तीन वर्षांनीं खत बदलण्याचें निमित्त गेलें. दुसरी, न्यायाधीशानें खताच्या अक्षरावर न थांबतां व्यवहाराची अथपासून हकीकत काढावी, अशी आज्ञा केली. तिसरी, खत सरकारी नोंदणीदारासमोर लिहिलें जावें, अशी व्यवस्था खेड्याच्या आटोक्यांत आणली. न्या. महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याच्या अंमलबजावणींत खास न्यायाधीश म्हणून काम केलें. कायदा निर्दोष होता असें नव्हे. गहाणखत अडचणीचें होतांच कित्येक सावकार तोंडी वचनावर खरेदीखतच लिहून घेऊं लागले, आणि १९०७ सालीं तीहि वाट बंद करण्याची तजवीज करावी लागली. तथापि एक तत्त्व प्रस्थापित झालें : मुदत ठरवितांना ती ज्याच्यावर चालावयाची त्याची स्थिति पाहिली पाहिजे.

कर्ज आणि लेंकराच्या अंगावरील अत्याचार यांना आम्ही एका मापानें मोजीत नाहीं. कर्ज फिटतें, हा घाव फिटत नाहीं. सुप्याच्या कुळाला मुदत अपुरी पडली ती ऋणको म्हणून. अत्याचार झालेल्या मुलाला ती अपुरी पडते ती फिर्यादी म्हणून. पण घड्याळ एकाच्या हातांत आणि काळ दुसऱ्याचा भरतो, ही अवस्था दोन्हीकडे सारखी आहे. आणि येथें त्याच १८५९ च्या कायद्यांतील दुसरें एक कलम आठवतें. दावा आणण्याचा हक्क उत्पन्न झाला त्या वेळीं हक्कदार अज्ञान असेल, तर त्याचें अज्ञानपण संपेपर्यंत मुदत त्याच्याविरुद्ध धांवत नाहीं, असें त्यांत होतें. चुलत्यानें पुतण्याचें शेत बळकावलें, तर पुतण्या सज्ञान होईपर्यंत कायदा थांबून राहतो. हें शहाणपण दिवाणी कायद्यांत पुढेंहि टिकलें. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांतहि तें आहे. मुलाच्या शेताकरितां कायदा थांबला. त्याच्या शरीराकरितां तो थांबला काय?

या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधतांना मन खिन्न होतें. १८६० च्या दंडसंहितेनें मुलीच्या संमतीचें वय दहा वर्षें धरलें होतें, आणि विवाहितेलाहि तीच मर्यादा होती. कलकत्त्यास १८९० सालीं फुलमणि नांवाच्या बालवधूचा पतीच्या हातून अंत झाला. बेहरामजी मलबारी यांची चळवळ त्यापूर्वीं कांहीं वर्षें चालूंच होती. आणि १८९१ सालीं हें वय बारा झालें. त्या वेळीं पुण्यांत केवढें रण माजलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. एका बाजूस रानडे, भांडारकर, तेलंग. दुसऱ्या बाजूस टिळक. शास्त्रवचनें निघालीं, सभा झाल्या. वाद वयाचा होता आणि परक्या सरकारच्या अधिकाराचा होता. परंतु अन्याय झालेल्या मुलीनें तोंड केव्हां उघडावें, याविषयीं त्या कोलाहलांत कोणी फारसें बोललें नाहीं.

विलायतेंत तर मुदतीनेंच कायदा पोखरला होता. १८८५ च्या इंग्रजी कायद्यानें तेरा ते सोळा वर्षांच्या मुलीशीं संबंध हा गुन्हा ठरविला, पण फिर्यादीस मुदत दिली तीन महिन्यांची. मुली सूडानें अगर पैशासाठीं खोटें बोलतील, अशी धास्ती त्यामागें होती. ती मुदत १९०४ सालीं सहा महिने, १९२२ सालीं नऊ, आणि १९२८ सालीं बारा महिने झाली. आणि २००३ सालचा नवा कायदा येईपर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपांत राहिली. आमच्याकडे हरविलास सारडा यांचा बालविवाहनिर्बंधाचा कायदा १९२९ सालीं मंजूर होऊन १९३० च्या एप्रिलपासून अमलांत आला. मुलीच्या विवाहाचें वय चौदा झालें, याबद्दल सुधारकांनीं आनंद केला. पण त्याच्या नवव्या कलमांत, गुन्हा घडल्यापासून एक वर्ष उलटल्यावर कोणत्याहि कोर्टानें दखल घेऊं नये, असें लिहिलेलें होतें. अकरा वर्षांच्या वधूचें लग्न बेकायदा लागलें, तर कायद्याची वाट तिच्या बाराव्या वर्षीं बंद. वडील, सासरे, भटजी सर्व एका मतानें बोहल्याजवळ उभे राहिलेले. त्या वर्षांत फिर्याद कोणीं करावयाची?

स्वातंत्र्यानंतर १९७३ ची फौजदारी कार्यसंहिता आली आणि १९७४ च्या एप्रिलपासून लागूं झाली. लहान गुन्ह्यांना सरसकट मुदत तिनेंच प्रथम घातली. नुसत्या दंडाच्या गुन्ह्यास सहा महिने. एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्यास एक वर्ष. तीन वर्षांपर्यंत कैदेच्या गुन्ह्यास तीन वर्षें. त्याहून मोठ्या गुन्ह्यांस मुदत नाहीं. बलात्कार मोठ्या गुन्ह्यांत असल्यामुळें त्याला मुदत नव्हती. परंतु स्त्रीच्या विनयभंगाच्या कलमास त्या काळीं शिक्षा दोन वर्षांपर्यंतच होती. म्हणून मुदत तीन वर्षांची झाली. आठ वर्षांच्या मुलीच्या अंगाला कोणी हात घातला, तर तिची मुदत तिच्या अकराव्या वर्षीं संपे. मुलग्याचा तर त्या कलमांत उल्लेखच नव्हता. उशिराचें कारण पटल्यास अगर न्यायास अवश्य वाटल्यास कोर्टानें उशीर माफ करावा, अशी तरतूद होती. पण हक्क निराळा आणि माफी निराळी. शेताच्या दाव्यांत अज्ञानपणाचा काळ आपोआप वगळणारा कायदा या ठिकाणीं मुलाला उशिराचा जाब विचारीत होता.

मूल गप्प कां राहतें, हें समजण्यास पंडिताची गरज नाहीं. जें घडलें त्याला त्याच्याजवळ शब्द नसतो. हात घालणारा बहुधा अनोळखी नसतो. तो नात्यांतला, शेजारचा, शिकविणारा, ज्याला नमस्कार करावयास आपणच मुलाला शिकविलें तो असतो. कळलेंच, तर घरांतील वडील माणसें "वाच्यता करूं नकोस" म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवतात. हेतु त्याच्या रक्षणाचा असतो, फायदा अपराध्याचा होतो. गरिबीची याला आणखी जोड मिळते. भीमथडीच्या ज्या माळावर पूर्वीं बाजरी पिकत नसे तेथें कालव्याच्या पाण्यानें आज ऊस उभा आहे. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथें साखर कारखाने आहेत. दर हंगामास बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या तेथें येतात, खोपटांत राहतात, हंगाम संपतांच परत जातात. पहांटे आईबाप फडांत गेल्यावर खोपटांत राहिलेल्या मुलीवर कांहीं प्रसंग आला, तर ती कोणाला सांगणार? पुढच्या वर्षीं टोळी निराळ्याच कारखान्यावर असते. तिचें मौन हा तिचा आळस नव्हे. तें अपराध्यानेंच घडविलेलें असतें; आणि कायद्यानें त्याच मौनाचे दिवस मोजून अपराध्याच्या खात्यावर जमा करावे, हें उघड अन्यायाचें आहे.

सुदैवानें गेल्या कांहीं वर्षांत ही स्थिति पुष्कळ पालटली. २००६ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्यानें, अज्ञानपणीं लग्न झालेल्या मुलास अगर मुलीस सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत तें रद्द करून घेण्याचा हक्क दिला. शेताला १८५९ सालीं मिळालेली सवलत बालवधूच्या आयुष्यास मिळावयाला एकशें सत्तेचाळीस वर्षें लागलीं! २०१२ सालीं मुलांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा आला. लोक त्याला पॉक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांस तो लागूं आहे, आणि वाईट हेतूच्या स्पर्शासहि त्यांत तीन ते पांच वर्षांची कैद आहे. अर्थात् तीन वर्षांची मुदत त्याला लागत नाहीं. २०१३ सालीं विनयभंगाची शिक्षाहि एक ते पांच वर्षें झाली. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, मुदत पाहतांना फिर्याद दाखल झाल्याचा दिवस धरावा, कोर्टानें दखल घेतल्याचा नव्हे. २०१८ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें असें जाहीर केलें कीं, बालपणीं झालेल्या लैंगिक अत्याचाराची फिर्याद माणसानें मोठेपणीं, कोणत्याहि वयांत, करण्यास कायद्याची मुदत आड येत नाहीं.

तरी कांहीं फटी राहिल्याच आहेत. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अठरा वर्षांखालील पत्नीशीं संबंध हाहि बलात्कारच ठरविला. पण अशा पतीविरुद्ध एक वर्षानंतर कोर्टानें दखल घेऊं नये, हा १९७३ च्या संहितेंतील नियम २०२४ च्या जुलैपासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि उतरला आहे. सारडा कायद्यांतील एक वर्ष असें नांव बदलून आपल्यांत राहिलें आहे. पॉक्सोमध्येंहि, स्पर्शावांचून अश्लील बोलणें, दाखविणें, पाठलाग करणें या अपराधांस शिक्षा तीन वर्षांपर्यंतच असल्यामुळें सामान्य संहितेची तीन वर्षांची मुदत त्यांस लागूं शकते. आणि २०१२ पूर्वीं ज्यांचें बालपण गेलें त्यांस जुन्याच कायद्याचा आधार. कारण नवी शिक्षा मागील कृत्यास लावूं नये, हें आपल्या राज्यघटनेचें तत्त्व आहे, व तें योग्यच आहे.

इतर देशांनीं निरनिराळे मार्ग काढले. जर्मनींत अशा गुन्ह्यांची मुदत पीडित व्यक्ति तीस वर्षांची होईपर्यंत धांवूंच लागत नाहीं. स्वित्झर्लंडांत २००८ सालीं लोकांनीं प्रत्यक्ष मतदान करून लहान मुलांवरील अशा गुन्ह्यांची मुदत उठविली. अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानानें २०१९ सालीं, ज्यांची मुदत पूर्वींच टळली होती त्यांच्याकरितां भरपाईच्या दाव्याचें दार कांहीं काळ पुन्हां उघडलें.

याविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाहीं. वीस वर्षांनीं आरोप आला तर निरपराध माणसानें आपला बचाव कसा करावा? साक्षीदार गेलेले, आठवणी पुसट झालेल्या, कागद हरवलेले. मुदतीचें मूळ प्रयोजन हेंच आहे, आणि आम्ही तें नाकारीत नाहीं. परंतु मुदत उठविणें म्हणजे पुरावा माफ करणें नव्हे. सिद्ध करण्याचें ओझें खरें खोटें पाहणाऱ्या न्यायाधीशासमोर फिर्यादी पक्षाला वाहावें लागतेंच. काळ गेल्यानें तें जड होतें, हलकें होत नाहीं. मुदत त्याला दारांतूनच परत पाठविते, आणि खरें व खोटें दोन्ही एकाच वेळीं परत पाठविते. १८७९ च्या कायद्यानेंहि सर्व कर्जें खोटीं ठरविलीं नाहींत. प्रत्येक कर्जाची हकीकत ऐकावी, एवढेंच सांगितलें.

म्हणून त्या कायद्याच्या तीन अंगांची आज आठवण ठेवणें अवश्य आहे. मुदत लांबविणें हें पहिलें अंग. त्यांत बालवधूविषयींची एक वर्षाची अट संसदेनें काढून टाकावी, निदान ती अठराव्या वर्षापासून मोजावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. दुसरें अंग हकीकत ऐकण्याचें : उशीर झाला एवढ्यावरून फिर्याद खोटी मानूं नये, उशीर कां झाला तें विचारावें. तिसरें अंग नोंदणी घराजवळ आणण्याचें. बारामतीस सत्र न्यायालय आहे. पण उसाच्या फडांतील खोपटापासून तेथपर्यंतची वाट मुलीला एकटीनें चालतां येत नाहीं. शाळेंतील बाई, अंगणवाडीची ताई, गांवचा पोलीसपाटील यांनीं तिचें म्हणणें त्याच दिवशीं लिहून ठाण्यावर पोंचविलें पाहिजे. पॉक्सोप्रमाणें गुन्हा ठाऊक असून न कळविणें हाच एक गुन्हा आहे.

आणि एक काम कायद्याच्या बाहेरचें, तुमच्या आमच्या घरांतलें आहे. मुलानें एखाद्या पाहुण्याजवळ जाण्याचें नाकारलें, तर त्याला रागें न भरतां कारण विचारावें. आणि त्यानें सांगितलें, तर तें खरें धरून ऐकावें. संसद मुदत उठवूं शकते. मुलाच्या तोंडावरील आपला हात मात्र आपणच काढला पाहिजे.